भर दुपारचं प्रतापनगर

माझा नवरा रेल्वेत होता, म्हणून मी निसर्गाचे फोटो काढायला लागले. त्याला दरवर्षी पास मिळायचा, आणि मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत असल्यामुळे मला उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी असायची. त्या पासावर आम्ही दार्जिलिंग पाहिलं, कन्याकुमारी पाहिली, पठाणकोटपर्यंत गाडीने आणि पुढे बसने जाऊन काश्मीर पाहिलं. माझ्या गळ्यात दोन भिंगांचा कॅमेरा असायचा. पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. परत आल्यावर न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकून मी स्वतःच रोल धुवायची, स्वतःच फोटो छापायची. नागपूर शहरात हौशी फोटोग्राफरांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी ते जमायचं. त्यात बाई मी एकटीच. पण दल सरोवरातल्या शिकारा होडीच्या माझ्या फोटोला त्यांच्या वार्षिक प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्यानंतर चहाच्या वेळी माझ्यासाठीसुद्धा खुर्ची ओढली जाऊ लागली.

मग एका पावसाळ्यात नवरा यार्डात वॅगनच्या पायरीवरून घसरून पडला. कमरेचं हाड मोडलं. धंतोलीतल्या दवाखान्यात तो कितीतरी आठवडे पडून होता आणि घरी आला तो काठी घेऊन. डॉक्टरांनी सांगितलं की चालणं-फिरणं होईल, ऑफिसही होईल, पण लांबचे प्रवास विसरा. मी कॅमेरा कापसात गुंडाळून कपाटात ठेवला. दोन उन्हाळे तो तिथेच राहिला. कोणी विचारलं तर मी घरच्या आजारपणाचं सांगायची आणि ते खरंही होतं. पण वेळ मिळाला तरी कशाचा फोटो काढायचा, हे मला कळत नव्हतं. फोटो म्हणजे दूरचं काहीतरी, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

तिसऱ्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी निरोप धाडला की बाई, एकदा येऊन तर जा. ते निवृत्त इंजिनीअर होते, कडक इस्त्रीचा बुशशर्ट घालायचे आणि मनाने वाईट नव्हते. मी गेले. सगळ्यांदेखत त्यांनी माझी चौकशी केली आणि मग समजूत घालावी तसं म्हणाले, "बाई, तुमचा प्रवास थांबला, ठीक आहे. लँडस्केपला डोंगर लागतो, पाणी लागतं, ढग लागतात. आपल्या नागपुरात काय आहे? सपाट जमीन आणि ऊन. तुम्ही आता घरच्या घरी फुलं काढा, लहान मुलं काढा. बायकांना ते छान जमतं."

कोणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. माझ्याविषयी आधीच काहीतरी ठरलेलं होतं आणि मला फक्त ते कळवलं जात होतं.

"मी ऊनच काढीन," मी म्हणाले आणि चहा न घेता उठले. ऊन कसं काढतात याची मला तेव्हा काडीचीही कल्पना नव्हती.

दुसऱ्याच रविवारी पहाटे सायकल काढली आणि फुटाळा तलावावर गेले. मग अंबाझरीला गेले. मग सेमिनरी हिलवर. तीन-चार रोल संपवले. धुतलेले फोटो दोरीवर वाळत होते तेव्हा नवरा काठी टेकत आला आणि एकेक बघू लागला.

"हे कुठचं हाय?"

"फुटाळा."

"मले काश्मीरच वाटलं," तो म्हणाला. "पण गरीब काश्मीर."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी पुन्हा ते फोटो पाहिले. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी मी चौकटीबाहेर ठेवल्या होत्या. धुणी बडवणाऱ्या बाया टाळल्या होत्या. काठावरची टपरी दिसू नये म्हणून आडवी फांदी धरली होती. नागपूर जितकं छाटता येईल तितकं छाटलं होतं आणि उरलेल्या पाण्यात दल सरोवर शोधत बसले होते. मी ते सगळे फोटो फाडले. नवऱ्याने विचारलं की एवढं काय मनावर घेतेस.

आमचं घर प्रतापनगरकडे होतं. तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती. ले-आउट पडले होते, चुना फासलेले दगड रोवून प्लॉट आखले होते, पण त्या दगडांच्या मध्ये अजून वावरंच होती. रोज बसला जायची माझी वाट त्यातूनच होती. त्या जागेकडे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पण ते चिखल कुठे आहे आणि काटा कुठे आहे एवढंच बघायला.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, चालू होता. दुपारी जेवणं झाल्यावर गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटायला गेले. पायाला चटके बसत होते म्हणून घाईत होते. सहज मागे वळले आणि थांबले. काळी जमीन भेगाळून पडली होती. एक बाभूळ होती, तिची सावली बुंध्यापाशी आखडून बसली होती. चुन्याचे दगड डोळ्यांना खुपत होते. आकाश निळं नव्हतंच, पांढरं होतं. आणि जमीन जिथे आकाशाला टेकते तिथे सगळं पाण्यासारखं थरथरत होतं. हे दृश्य दर उन्हाळ्यात आम्ही खिडक्या लावून घेऊन बाहेर ठेवत होतो. मंडळात शिकवलेला पहिला नियम असा, की फोटो सकाळी नाहीतर संध्याकाळी काढावा, डोक्यावरच्या उन्हात कॅमेरा उघडूच नये. दुसरा नियम असा, की आकाश रिकामं सोडू नये. माझ्यासमोर दोन्ही नियम मोडून पडले होते आणि त्याहून सुंदर मी बऱ्याच दिवसांत काही पाहिलं नव्हतं.

कुरडया तशाच टाकून खाली आले आणि कपाट उघडलं.

"काहून चालली वं एवढ्या उन्हात?" नवरा पलंगावरून म्हणाला. "लू लागून मरशील."

"मरत नाही. ऊन काढायचं तर उन्हातच जावं लागते."

तो काठी घेऊन उठला, स्वयंपाकघरात गेला आणि एक कांदा आणून माझ्या पिशवीत टाकला. लू लागू नये म्हणून आमच्याकडे कांदा जवळ ठेवतात.

कॅमेऱ्याचं धातूचं अंग हाताला पोळत होतं. उजेड इतका होता की काचेत काही दिसेना, म्हणून मी नवऱ्याचा पांढरा दुपट्टा डोक्यावरून घेऊन त्याच्या आत कॅमेरा धरला. शेजारच्या घरातली बाई खिडकी किलकिली करून ओरडली, "काही हरवलं का वं, बाई?" मी दुपट्ट्यातूनच नाही म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्या ले-आउटला ठाऊक झालं होतं की शाळेतल्या बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

तो पहिला रोल मी घालवला. मे महिन्यात नळाचं पाणीच इतकं गरम, की त्यात फिल्म धुतली आणि तिच्यावरचा थर दुधावरच्या सायीसारखा सरकून गेला. दुसऱ्या रोलच्या वेळी माठातलं पाणी घेतलं, बर्फ आणला. नवरा न्हाणीघराच्या दाराबाहेर स्टुलावर बसला आणि टॉवेलात बर्फ फोडून दाराखालून ताटली आत सरकवत राहिला. मधूनच विचारायचा, "टिकून राहिलं का?" टिकलं. दोन भाग पांढरं रिकामं आकाश, खाली काळ्या जमिनीची पट्टी, त्यात ती एक बाभूळ. मी ओला फोटो त्याच्यासमोर धरला. त्याने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आता उद्या किती वाजता जायचं?"

'जायचं' म्हणाला. त्या दिवसापासून तोही यायचा, काठी एका हातात, काळी छत्री दुसऱ्या हातात. छत्री माझ्यावर नाही, कॅमेऱ्यावर धरायचा. पावसाळ्यात आम्ही त्याच जागी चिखलात उभे राहिलो, थंडीत धुक्यात उभे राहिलो, आणि पुन्हा उन्हात. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून तो बराच जास्त चालत होता.

वार्षिक प्रदर्शनाला मी बाभळीचा फोटो पाठवला. तो परत आला. अध्यक्ष स्वतः घरी आले, मला वाईट वाटू नये म्हणून. म्हणाले, परीक्षकांना त्यात विषयच सापडला नाही, नुसती जमीन आहे. तुमच्या नावाची जागा राखून ठेवली आहे, एखादा काश्मीरचा द्या.

"काश्मीरचा नाही देणार," मी म्हणाले.

"बाई, हट्ट करू नका."

"हट्टच आहे."

ते चहा पिऊन गेले. त्यांच्या मागे नवऱ्याने दार लावलं तेव्हा तो तोंडभर हसत होता.

फोटोंच्या चौकटींसाठी मी लकडगंजमधून सागाच्या पट्ट्या आणायची. तिथे माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांची लाकूड कापायची आरा मशीन होती. प्रदर्शनातून फोटो परत आल्याचं त्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, रविवारी मशीन बंद असते, शेडमध्ये लावा तुमचे फोटो. मग एक फोटो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "इसमें है क्या, बाईजी?" त्यांनी खरोखर विचारलं. मी सांगायला लागले तर मध्येच म्हणाले, "ठीक है, ठीक है. दीवार खाली पड़ी है."

डिसेंबरातला रविवार होता. लाकडाच्या भुश्शाचा वास, थप्प्यांना टेकून ठेवलेले माझे फोटो, आणि एका खांबावर तो बाभळीचा. माझ्या विद्यार्थिनी आपापल्या आयांना ओढून घेऊन आल्या. आजूबाजूचे दुकानदार आले. काहींनी तोंडावरच सांगितलं की पैसे आणि फिल्म वाया घालवली. मी कोणाशी वाद घातला नाही. दुपारी एक म्हातारा शेतकरी आला. दाराच्या चौकटीला लाकूड बघायला आला होता, मशीन बंद म्हणून आत डोकावला. बाभळीच्या फोटोसमोर तो थांबला. डोळे बारीक केले. आणि उन्हात निघताना घेतात तसा खांद्यावरचा दुपट्टा उचलून त्याने डोक्यावर ओढून घेतला. शेडमध्ये गारठा होता, बाकीचे सगळे स्वेटर घालून होते. त्याचं त्यालाही कळलं नसावं. तो पुढच्या फोटोकडे सरकला तरी दुपट्टा डोक्यावरच होता.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही ते पाहिलं होतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

संध्याकाळकडे अध्यक्ष आले. एकेक फोटो शांतपणे पाहत शेवटी खांबापाशी आले.

"आकाश मोकळं सोडलंय."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि भर दुपारी काढलाय."

ते म्हणाले, "मी अजूनही हा आपल्या हॉलमध्ये टांगणार नाही."

"नका टांगू," मी म्हणाले. "इथे टांगला आहेच."

पुढच्या वर्षी मी तोच फोटो पुन्हा पाठवला. परत आला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पाठवला. कधीतरी परीक्षक बदलले आणि तो एकदाचा जिन्याजवळ लागला. बक्षीस नव्हतं. मी जाऊन पाहिलं, जरा वाकडा लागला होता तो सरळ केला आणि घरी आले.

तोवर प्रतापनगरातली वावरं संपत आली होती. बाभूळ एका प्लॉटमध्ये गेली आणि तोडली गेली. मंडळातले लोक म्हणाले, आता बाईंचं लँडस्केप संपलं. मी त्याच जागी उभी राहून अर्धवट भिंती काढू लागले, विटांचे ढीग, सळ्यांचं रान, गच्च्यांवर उगवलेले अँटेना. एका सकाळी एक प्लॉटमालक तरातरा माझ्याकडे आला. त्याच्या कंपाउंडचा फोटो मी कशाला काढते, मी महानगरपालिकेची आहे का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, शाळेत शिकवते.

"मग काहून काढून राहिल्या? इथं काढण्यासारखं हाय तरी काय?"

"थोडे बाजूला व्हा," मी म्हणाले. "तुमची सावली फोटोत येऊन राहिली."

तो बाजूला झाला.