मेतकूट-भाताला नकार

वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी मी सर्जनना एकच प्रश्न विचारला होता: काही बिघडलं, तर आधी काय दिसेल? रोबोच्या मदतीनं ऑपरेशन केलं की काम नेमकं होतं, छेद लहान पडतात, हे त्यांनी सांगितलंच. पण कापून लहान केलेल्या जठराची शिवण भरून येणं शरीराच्याच हातात. क्वचित ती गळते, क्वचित रक्ताची गुठळी होते. "पोट दुखायची वाट बघू नका. पडून असतानाही नाडी धावत राहिली, तर सरळ इथे या." घरी आल्यावर ते वाक्य मी फ्रिजवर चिकटवलं, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्यांच्या कागदाशेजारी.

पहिले काही दिवस छान गेले. गाळलेलं सूप, वरणाचं पाणी, घोट घोट ताक. माझ्या देखभालीला सासूबाई साताऱ्याहून कोलकात्यात, बेहालाच्या आमच्या घरी आल्या होत्या. असल्या पाण्यावर माणूस जगतो, हे काही त्यांना पटत नव्हतं.

एका सकाळी पलंगावर पडल्यापडल्या छाती धडधडू लागली. ताप नाही, दुखणं नाही. अर्धा तास शांत पडून राहिले, नाडी उतरेना.

सासूबाई वाटी घेऊन आल्या. मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार.

"पोटात अन्न नाही म्हणून धडधडतंय. दोन घास खा."

"आई, डॉक्टरांनी फक्त पातळ सांगितलंय."

"अगं, मऊ भात म्हणजे काय जेवण झालं? आजाऱ्याचा भात हा! बाळंतिणीला चालतो, तुला नाही चालत?"

आमच्या घरात या भाताला कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. वास नाकात शिरला आणि खरं सांगते, हात पुढे गेला. मग दारातून फ्रिजवरच्या त्या वाक्याकडे नजर गेली.

"आई, वाटी ठेवा. चपला घाला."

नवरा सॉल्ट लेकच्या ऑफिसात. त्याला फोन केला, तर म्हणाला, "गॅस असेल. मी संध्याकाळी लवकर येतो, मग बघू."

"संध्याकाळी नको. आत्ता हॉस्पिटलला ये."

टॅक्सीत सासूबाई वाटभर पुटपुटत होत्या, "रोबोनं केलंय म्हणे, मग चुकेल कसं?" सिग्नलला गाडी थांबली की मात्र स्वतःच ड्रायव्हरला म्हणत, "भैया, चलो ना!" तो सुस्कारा टाकून म्हणाला, "मासिमा, रेड आछे."

स्कॅनमध्ये शिवणीला बारीकशी गळती दिसली. संसर्ग पसरण्याआधी पकडली गेली. नळी घातली, अँटिबायोटिक्स दिली, तोंडानं सगळं बंद. भाताची गोष्ट ऐकून सर्जन म्हणाले, "वेळेवर आलात. पोटात भात गेला असता, तर जड गेलं असतं."

 सासूबाईंनी माझं मनगट धरून नाडीवर बोट ठेवलं. त्यानंतर घरी येईपर्यंत रोज ठेवत होत्या.

आता मी चार जिने न थांबता चढते, रक्तदाबाची गोळी सुटली आहे. घन अन्नाची परवानगी मिळाली, त्या दिवशी सासूबाईंनी तीच वाटी आणली. मी तीन चमचे खाल्ले आणि पोट भरलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी उरलेला भात शांतपणे स्वतः संपवला. मग फोन लावून साताऱ्याच्या जावेला सांगितलं, "रोबो असो नाहीतर कुणी असो, नाडी आपण बघायची. आमच्या सुनेनं बघितली."