हळूभाऊंचं बोट

त्यांचा आवाज समोरच्याच्या कानापलीकडे कधी गेला नाही, म्हणून हॉटेलात सगळे त्यांना हळूभाऊ म्हणत. मोठ्या, पांढऱ्या टेबलक्लॉथांच्या त्या हॉटेलात वाइन सुचवणं आणि वाढणं हे त्यांचं काम. त्यांचा एक नियम होता: पाहुण्यांसमोर किंमत उच्चारायची नाही. यजमानापुढे यादी उघडायची, आकड्याखाली अलगद बोट ठेवायचं आणि विचारायचं, "ही चालेल?" यजमान मान हलवायचा. बाकीच्यांना वाटायचं, काय अदब आहे!

यजमान ओळखायचा कसा, तर ज्याचा आवाज मोठा तो. हे मालकांनीच शिकवलं होतं.

एका संध्याकाळी एका शाळेतले नऊ शिक्षक आले. त्यांच्यातल्या कवायतीच्या सरांचा आवाज मैदानावर घडलेला. त्यांनी फर्मावलं, "तुम्हीच सुचवा हो! चांगली आणा!" हळूभाऊंनी बोट ठेवलं. सरांनी रुबाबात मान हलवली. मग दुसरी बाटली, मग तिसरी.

बिल आलं, तेव्हा कळलं की यजमान कुणीच नव्हता. बिल नऊ जणांत सारखं वाटायचं होतं. शिवणाच्या बाई सोडा पीत होत्या. त्या बिलाकडे बघतच राहिल्या.

"दादा, किंमत आधी सांगायची तरी!"

"दाखवली होती बाई. सरांना."

सगळे सरांकडे वळले. सरांचा आवाज पहिल्यांदाच हळूभाऊंइतका झाला. "दोन हजार दहा... मला वाटलं, ते साल आहे."

कुणी हसलं नाही. पाकिटं निघाली, खुर्च्या सरकल्या आणि सगळे एकेकटे बाहेर पडले.

सकाळी चहा घेताना हळूभाऊंनी बायकोला सगळं सांगितलं. ती शिवणकाम करायची. दाताखालचा दोरा तोडत ती म्हणाली, "मी माप घेतानाच शिलाई सांगते. तोंडावर. गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण नंतर शिव्या देत नाही. तुमची ती अदब कुणाच्या कामाची?"

हळूभाऊंना ते पटलं. त्या दिवसापासून त्यांनी घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली. पहिलंच टेबल एका कंत्राटदाराचं. बरोबर बायको, मेव्हणा आणि साडू.

"ही बाटली पाच हजारांची. ही अडीचची. खरं सांगू? जेवणाबरोबर अडीचचीच बरी लागेल."

कंत्राटदाराने आधी साडूकडे पाहिलं. साडू छताकडे बघत होता, पण गालात हसत होता.

"अडीचची? आम्ही काय अर्धे दिसतो का तुम्हाला? पाचची आणा. दोन आणा!"

पुढच्या टेबलावर तेच झालं, त्याच्या पुढच्यावरही. चार माणसांत किंमत मोठ्याने ऐकल्यावर स्वस्ताची मागायची कुणाची छाती होईना. हळूभाऊ जितके कळकळीने स्वस्त बाटलीची शिफारस करत, तितकी महागडी जास्त खपे. महिनाअखेरीला मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. हळूभाऊंना वाटलं, आता आपली धडगत नाही.

"इतकी वर्षं ही अक्कल कुठे गहाण ठेवली होती?" मालक गदगदून म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने हळूभाऊंच्या कोटावर 'वाइनप्रमुख' असा बिल्ला लावला, आणि सगळ्या वाढप्यांना ओरडून किंमत सांगायला शिकवण्याची कामगिरीही त्यांच्याच गळ्यात मारली.

हळूभाऊंनी शिकवलं. करतात काय! पण घोळका आला की ते स्वतः त्याला दारापाशीच गाठू लागले, माणसं अजून आत शिरत असताना. हळूच विचारायचे, "बिल एकत्र, की वाटून?" पुष्कळांना हा उद्धटपणा वाटे. एकाने तर "तुम्हाला काय करायचंय?" असं फटकारलंही.

एकदा एका बँकेतली मंडळी आली. प्रश्न ऐकून सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. ही गोष्ट त्यांनी आपसात काढलीच नव्हती. मग मागून एक बाई घाईघाईने म्हणाल्या, "वाटून!" आणि एकदम सगळ्यांचे खांदे सैल झाले.

"मग बिअरच घेऊ या ना," कुणीतरी म्हणालं.

"उत्तम," हळूभाऊ म्हणाले. गल्ल्यावरून मालक डोळे वटारून बघत होते. हळूभाऊंनी बिल्ला सरळ केला आणि बिअर आणायला आत गेले.