जाईचे कान

दाजीकाका घोडीचे कान झाकायचे. कोणी आजारपणाचा, मरणाचा किंवा विकण्याबिकण्याचा विषय काढला की हातातली बिडी टाकून ते उठत आणि दोन्ही तळव्यांनी जाईचे कान दाबून धरत. "हळू बोल रे मेल्या! ती आयकता." समोरचा हसायचा. काका मात्र हसत नसत.

मालवणातले ते आमचे शेजारी. अंगात जोर होता तोवर मच्छीमार होड्यांवर खलाशी होते. काकी गेल्यावर मूलबाळ नसलेल्या घरात एकटे राहिले आणि साठीला टेकल्यावर, कोणाला न विचारता, ही पांढरी घोडी घेऊन आले. तेव्हा आमच्या किनाऱ्यावर पर्यटक नुकते वाढू लागले होते. हंगामात वाळूवर त्यांच्या मुलांना फेऱ्या, लग्नसराईत पाठीवर नवरदेव, आणि पावसाळ्यात पडवीत दोघे एकमेकांकडे बघत बसलेले.

मी विमा एजंट. माणसांना मरणाची आठवण करून देणे हा माझा धंदाच; पण काळजीच्या बाबतीत काका माझे गुरू. एका पावसाळ्यात वेंगुर्ल्याकडे कोणाचा तरी घोडा साप चावून गेला. ती बातमी आल्यापासून काकांचे जेवण तुटले. घटकाघटकाला उठून घोडीच्या नाकपुडीपाशी हात धरायचे, श्वास लागला की परत बसायचे. शेवटी माझ्याकडे आले.

"बापू, घोडीचो इमो करतत काय रे?"

"करतत. पण डॉक्टराचो दाखलो व्हयो, आणि कानाक भोक पाडून बिल्लो मारूक लागता."

"कानाक?" काका उभेच राहिले. "फाटक्या कानाच्या घोडीर नवरो बसतलो काय? आणि तिका काय सांगू, तुझ्या मरणाचो बिल्लो म्हणान?"

मी त्यांना पडवीपासून लांब, विहिरीकडे नेले आणि हळू आवाजात अटी समजावल्या. एवढ्या अंतरावरूनही ते पुन्हा पुन्हा मागे वळून घोडीकडे बघत होते. सगळे ऐकून म्हणाले, "म्हणजे ती गेली तर पैसे माका. आणि मी गेलंय तर तिका काय?"

"काका, तसो इमो नसता."

"मगे तुझी कंपनी अर्धीच काळजी घेता," असे म्हणून ते निघून गेले.

आमच्याकडे असा पेच पडला की माणूस देवळात कौल लावतो. मलाही बरोबर जावे लागले. गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो चाकर आज तुझ्या पायाकडे इलो आसा. घोडीचो इमो करूचो तर उजवो कौल दी म्हाराजा!" "व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. पाकळी हलेना. डावीही नाही, उजवीही नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. खूप वेळाने गुरव म्हणाला, "दाजी, देव बोलणा नाय. तुझो प्रश्नच चुकता. मनात आसा तां इचार."

काकांनी उंबऱ्यावर डोके टेकले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी विचारले. उजवी पाकळी खाली आली. वाटेत मी खोदून खोदून विचारले, पण ते म्हणाले, "तां देवाचा नि माझा."

विमा शेवटी उतरवला. मी चार ठिकाणी डोके फोडून, कानाऐवजी मानेवरचे तपकिरी ठिपके आणि फोटो यांवर कंपनीला राजी केले. काकांनी सही केली, पण त्यांची घालमेल काही थांबली नाही. उलट एक नवीनच चाळा सुरू झाला. रोज तिन्हीसांजेला घोडी घेऊन माझ्या अंगणात हजर. मी गूळ आणून त्यांच्या हातात दिला की ते हात मागे घेत.

"माझ्या हातान नको. तूच दी."

मला ती वेठच वाटायची. बायको म्हणायची, काकांना गूळ परवडत नसेल. पुढे पुढे ते फाटकाबाहेरच थांबू लागले आणि जाई एकटीच आत यायची. ते मात्र दगडी गडग्याआडून बघत असायचे. मला वाटे, म्हातारा आता चळला.

दोन वर्षांनी, ऐन श्रावणात, छातीत कळ येऊन दाजीकाका गेले. जाई धडधाकट होती. विम्याचा कागद माझ्या कपाटात तसाच पडून होता.

दहनाहून आम्ही परतलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. जाईला सोडले कोणी, कोण जाणे. आली ती थेट माझ्या अंगणात, आणि मान खाली घालून माझ्या तळहाताला नाक लावून उभी राहिली. देवाला काकांनी काय विचारले होते, ते मला तेव्हा कळले. मला रडू आवरेना.

मागोमाग मुंबईहून आलेला त्यांचा पुतण्या फाटकाशी आला. "बरं झालं सापडली. आता हिला विकून..."

त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत माझे दोन्ही हात जाईच्या कानांवर गेले होते.

"हळू बोल रे," मी म्हणालो, "ती आयकता."