गावपळण आणि पोतंभर डबे

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरातली सगळ्यात अनाकलनीय गोष्ट म्हणजे मीच, असं आई म्हणायची... मग दुसरीकडे कशाला शोधा?

मी मूळचा आचऱ्याचा, कणकवलीत नेटवर्कची कामं करतो. मुलं मुंबईला आणि म्हातारे घरात एकटे, अशांसाठी मी एक जुगाड केला होता — लाल बटणाचा छोटा डबा. बटण दाबलं की निरोप माझ्या ऑफिसातल्या सर्व्हरवर येणार, आणि सर्व्हर शेजाऱ्यांना नि अँब्युलन्सला फोन लावणार. पहिला डबा खारेपाटणच्या मामाला दिला. मामी गेल्यापासून तो एकटा. डबा उलटसुलट बघून म्हणाला, "भाच्या, येळार पावतलो मा ह्यो? का तुझ्या स्कूटरसारखो?"

सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोट निघाली होती. समजा, पोस्टाच्या खिडकीशी कुणी आला, 'नमस्कार' म्हणाला आणि गप्प उभा राहिला. कारकून बापडा त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसणार. सगळ्याच खिडक्यांवर असे मुके उभे राहिले, तर खरं काम असलेला माणूस बाहेरच. ही खोट बुजवणारं अपडेट आलं होतं, पण ते टाकायला सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवावा लागणार होता. मी म्हटलं, गावपळणीत टाकू.

देवाचा कौल झाला की अख्खं आचरा गुराकोंबड्यांसकट वेशीबाहेर राहुट्यांत जातं. तीन दिवस गावात माणूस राहत नाही; ते दिवस देवांचे नि भुतांचे, अशी समजूत. माझे बाकीचे डबे सगळे आचऱ्यातले, म्हणजे बटण दाबणारं कुणीच नाही. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? निघण्याआधी मी घरोघरचे डबे गोळा केले, बॅटऱ्या काढल्या आणि पोत्यात भरून ऑफिसात टाकले.

मामाला फोनवर ही हुशारी ऐकवली, तर तो म्हणाला, "त्या दिसांत गाव रिकामो रवणा नाय हां. माणसां तेवडी नसतत."

"मग देवांकाच डबे वाटू काय?"

"वाट. तुझो धंदो तरी वाढात."

पहिला दिवस मी राहुटीत कोंबडी-वडे हाणण्यात आणि पत्ते कुटण्यात घालवला. अपडेट काय, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं, तर सर्व्हरच्या सगळ्या लायनी, म्हणजे त्या खिडक्याच, भरलेल्या. कुठल्या तरी देशातल्या हॅकरला माझं नाव कळलं म्हणून आधी थोडा सुखावलोच. मग स्क्रीनवर नावं वाचली. आमचं घर. शेजारचं घर. देवळाजवळचं घर... प्रत्येक डब्याने नमस्कार घातला होता आणि पुढे काहीच नाही. पोतं माझ्या पायाशी होतं. तोंड सोडलं — डबे गार, बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत. सर्व्हर बंद करून चालू केला. लायनी डोळ्यांदेखत पुन्हा भरल्या.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मामाच्या शेजारीणबाई.

"अरे, तुझो मामा चुलीकडे पडलो हा. डबो हातात घट्ट धरलेलो, दिवो नुसतो लुकलुकता. किती येळ दाबी होतो, देवाक ठावक."

दिवा लुकलुकतो म्हणजे डबा लाइन मिळायची वाट बघतोय. तो दिवा मीच बसवला होता.

मी खारेपाटणला धावलो. मामा वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा एखाद्या शब्दापुरती उरली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं.

गाव पुन्हा भरला, त्याच सकाळी लायनी आपोआप सुटल्या. पहिली आमच्या घराची, मग एकेक. आई म्हणते, ती घरात शिरली तेव्हाच सुटली असणार. मोठमोठ्या जाणकारांना विचारलं. त्यांनी पोत्याचं ऐकलं आणि विषय बदलला.

अपडेट नंतर टाकलं. आता जो नमस्कार करून गप्प राहतो, त्याची लाइन सर्व्हर अर्ध्या मिनिटात तोडतो.

दर रविवारी खारेपाटणला जातो. मामा मला बघतो, ओठ जुळवतो, म्हणतो, "भाच्या..."

आणि तिथेच थांबतो. मी बसून राहतो.