पंचेचाळीसवर वाजणारी राजकुमारी

मनोहरलाल टेंभरे खडूस आहे, असं अख्खं गोरेगाव म्हणतं. म्हणू द्या. चाळीस वर्षं त्यानं लग्नाच्या मांडवात भोंगे बांधून रेकॉर्डी वाजवल्या, आणि यंत्राला कुणी हात लावला की तो खेकसायचा. का खेकसतो, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. मी शेजारी, मी विचारलं.

"सबन रेकॉर्डी एकसारख्या नसतेत जी," तो म्हणाला. लाखेचा जुना तवा मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेतो. त्याची रेघ रुंद, त्याला पोलादी सुई चालते. पुढं प्लास्टिकच्या आल्या. ताटाएवढी तेहतीसवर फिरते, बशीएवढी पंचेचाळीसवर. त्यांची रेघ केसाहून बारीक, सुई हलकी लागते. "फेरे चुकले त बटन फिरवता येते. सुई चुकली का खतम."

त्याची धाकटी बहीण राजकुमारी पोवारी बोलीतली लग्नगीतं म्हणायची. एकोणीसशे ऐंशी साली नागपूरच्या एका लहानशा कंपनीनं तिची बशीएवढी रेकॉर्ड काढली. एका बाजूला तिचं हळदीचं गाणं, दुसऱ्या बाजूला नुसती सनई. दोन वर्षांनी ती गेली, तेव्हा तिची रविता सहा महिन्यांची होती. रेकॉर्डही कुठं गेली कुणाला कळलं नाही. रविता चव्वेचाळीस वर्षांची झाली, पण आईचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

गेल्या दिवाळीत देवरीच्या केशोराव मंडपवाल्याच्या जुन्या पेटीत ती रेकॉर्ड निघाली. यंदा रविताच्या मुलीचं, चंचलचं लग्न. त्यांच्या घरची रीत अशी की नवरीला हळद लावताना पहिलं गाणं आजीनं म्हणायचं. "तुही माय म्हनंल गानं," मामानं रविताला शब्द दिला. स्वतःचं बंद पडलेलं यंत्र घेऊन म्हाताऱ्यानं गोंदियाला चार खेटे घातले, चाकाचं रबर बदललं, बारीक सुई मिळवली.

आणि हळदीच्या दिवशी काय व्हावं? मनोहरलाल वायर जोडायला उठला. तेवढ्यात टेबलावरची रेकॉर्ड सजावटवाल्या नीलेशनं उचलली. त्यानं मांडवाच्या दारात पितळी कर्ण्याचा, चावी द्यायचा फोनो मांडला होता, पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून. शोभेची वस्तू शोभेपुरती ठेवावी की नाही? पण नाही! यंत्र जुनं, रेकॉर्ड जुनी, म्हणजे जोडी जमलीच. कुणाला न विचारता लावून मोकळा. म्हातारा दहा पावलांवर होता हो, दहा पावलांवर!

पोलादी सुई, ती धरणारा जड डबा, आणि फेरे अठ्ठ्याहत्तर. कर्ण्यातून चिरका, किणकिणता आवाज धावत सुटला. अख्खा मांडव हसला. पोरींनी मोबाइल काढले. हळदीची वाटी घेऊन उभी असलेली रविताही खो खो हसली. दारातली ती काहीतरी गंमत आहे, असंच तिला वाटलं.

वायरींवर वाकलेल्या मनोहरलाललाही आधी ती दारातली गंमतच वाटली. टेबलावर रेकॉर्ड नाही हे दिसताच तो धावत पोचला, तोवर गाणं संपत आलं होतं. त्यानं सुई उचलली. सुईच्या टोकाला काळा भुगा चिकटला होता. त्यानं रेकॉर्ड पुसली, आपल्या यंत्रावर ठेवली आणि बटण पंचेचाळीसवर आणलं. नुसती खरखर. तिच्या पार खाली कुणी बाई गात असावी, एवढंच कळत होतं.

"अरे काका, टेंशन काऊन घेऊन राहिले?" नीलेश म्हणाला. "ऑनलाइन दूसरी मंगवा लेंगे."

खरं सांगतो, माझा हात उठला होता. चार माणसांनी धरला म्हणून नीलेश वाचला.

रविता जवळ आली. "का झालं मामा? कोनाची होती जी ते?"

मामानं यंत्राकडं बोट केलं. थांबलेल्या रेकॉर्डवर वाकून तिनं मधला कागद वाचला. मग हातातली हळदीची वाटी खाली ठेवली.

"मामा," ती म्हणाली, "माय गाऊन राहिली होती, अन् मी हासली."