तिनं खाली घेतलेला हात

माझ्या एका हसण्यापायी एका मुलीची आठ वर्षं गेली. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी तहसील कार्यालयात कारकून आहे. झरीकडच्या एका गावात दहावीच्या मुलांना सरकारी नोकऱ्यांची माहिती द्यायला मला बोलावलं होतं. ओळख करून देताना तिथले गुरुजी मला 'महसूल खात्यातले अधिकारी' म्हणाले. मी दुरुस्ती केली नाही. फेटा बांधून घेतला, नारळ घेतला आणि अधिकाऱ्याच्या थाटात बोलत सुटलो. गाडी, बंगला, शिपायाचा सलाम. तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, जमीन मोजणारा भूकरमापक ही नावं तोंडातून निघालीच नाहीत. स्वतःची खुर्ची लपवायची म्हटलं की शेजारच्या खुर्च्याही लपवाव्या लागतात.

शेवटी विचारलं, कुणाला काय व्हायचंय? कलेक्टर, फौजदार, पुन्हा कलेक्टर. मग तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तिला जमिनीची मोजणी करणारी व्हायचं होतं. त्यांच्या शेताची मोजणी झाली तेव्हा ती दिवसभर मोजणीदाराच्या मागं फिरली होती. भावकीतलं बांधाचं भांडण त्या माणसानं चार खुणा रोवून मिटवलं, असं ती सांगत होती. दहावीनंतर आयटीआयला सर्वेक्षकाचा कोर्स असतो, हेही तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

"एवढी हुशार पोरगी उन्हात साखळ्या ओढणार?" असं म्हणून मी हसलो. पोरं हसली, गुरुजीही हसले. तिनं हात खाली घेतला.

त्यानंतर ती मला दिसली ती थेट आठ वर्षांनी, आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी. तिचा उत्पन्नाचा दाखला अडकला होता. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं.

"सर, तुमी इथं बसता? मला वाटायचं तुमी साहेब असाल."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती खरंच गोंधळली होती.

मग तिनं सगळं सांगितलं. माझं भाषण ऐकून तिनं आयटीआयचा विचार सोडला होता. बी.ए. केलं, परभणीत खोली करून राज्यसेवेची परीक्षा दोनदा दिली. थोडक्यात राहिलं. आता घरात लग्नाचं चाललं होतं. आयटीआयला प्रवेश मिळाला तर शिक, नाही मिळाला तर स्थळं बघायची, असं वडिलांनी बजावलं होतं. प्रवेशाला चार दिवस उरले होते आणि त्यासाठीच हा दाखला हवा होता.

"सोबतची पोरं सोळा वर्षांची असतील," ती म्हणाली. "हसतील. हसू द्या. ह्यावेळी मी हात खाली घेणार न्हाई."

म्हणजे तिला सगळं आठवत होतं. मी मान खाली घालून अर्ज चाळला. तलाठ्याचा अहवाल आला नव्हता. फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून स्वतः जाऊन अहवाल आणला आणि साहेबांच्या टेबलापर्यंत फाईल हातानं नेली. नियमाबाहेरचं काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी दाखला तिच्या हातात दिला. माफी मात्र ओठांवर येऊन राहिली. खिडकीशी रांग होती, एवढं निमित्त मला पुरलं.

पण ते पोखरत राहिलं. यंदा मी त्याच शाळेत स्वतःहून गेलो आणि बोलायला वेळ मागून घेतला. फेटा नको म्हणून आधीच कळवलं. तिलाही बोलावलं. ती आयटीआयच्या गणवेशात आली. मी काय बोलू, असं विचारायला लागली. म्हटलं, तू नुसती बस, बोलायचं मला आहे.

उभा राहिलो आणि मुलांना सांगितलं की मी अधिकारी नाही, कारकून आहे, आणि कारकून काय काम करतो ते आज पहिल्यांदा खरं सांगणार आहे. पण त्याआधी एक काम राहिलंय. हसलो होतो सगळ्यांसमोर, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच व्हायला हवं होतं. मी तिच्याकडे वळलो.

"पोरी, त्या दिवशी तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. तरी हसलो मी. तुझी आठ वर्षं मला परत देता येत नाहीत. मला माफ कर."