मथुराकाकूंच्या घटातलं माझं एम.एस्सी.

माझं एम.एस्सी.चं संशोधन आमच्या गल्लीतल्या सगळ्या देवघरांत नवरात्रभर पूजेला बसलं होतं.

अगदी हार, फुलं, समई, दोन वेळची आरती! फार कमी संशोधकांच्या वाट्याला हा मान येतो. मला तो नको होता, पण मला विचारलं कोणी?

मी कृषी विद्यापीठात मृदशास्त्र शिकत होतो. आमचं गाव गेवराईहून चकलांब्याकडं जाताना लागतं, आणि तिथं हे सांगायची सोय नाही. शेजारचे नामदेवतात्या एकदा मला पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "मातीत शिकायला काय आसतं बे? आमी जन्मापासून मातीतच हावत. आमाला कुणी डिग्री दिली का?" मी चहा पिऊन घरी आलो.

त्या वर्षी मी गावातल्याच वावरांच्या मातीचे नमुने घ्यायचं ठरवलं. माळरानाची मुरमाड, मधली, ओढ्याकाठची काळी, कालव्याच्या चारीजवळची खारवट चोपण, असे वेगवेगळे तुकडे निवडले. अट एकच होती. ज्वारी पेरून खत पडायच्या आत माती उचलायची. एकदा खत पडलं की ती माती माझ्या कामाची नाही, मग पुढच्या हंगामापर्यंत बोंबलत बसा. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "दसरा झाला की नमुने प्रयोगशाळेत पाहिजेत. नाहीतर तुमची पदवी लांबली म्हणून समजा."

मी खड्डे घेतले, माती आणली, बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून सावलीत वाळवली, लाकडी मोगरीनं कुटली, चाळणीनं चाळली. प्रत्येक ढिगाऱ्यावर एकेक चिठ्ठी ठेवली. कुणाचं वावर, कोणता थर, सगळं त्यावर. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई दारातून बघून म्हणायची, "रव्यावानी चाळलीय रं बाबा! एवढा जीव धान्य निवडताना लावला असता तर..." (वाक्य ती कधीच पूर्ण करत नसे. गरजच नव्हती.)

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिनं मला सांगितलं होतं, "बापू, उद्या घट बसवायचेत. वावरातून पाटीभर माती आणून दे." मी "हो" म्हणालो. विद्यापीठात शिकलेली माणसं आईला जसं "हो" म्हणतात, तसं म्हणालो. संध्याकाळी धो धो पाऊस झाला आणि काळ्या रानात पाय घातला तर चप्पल तिथंच राहील असा चिखल झाला. सकाळी उठून मी नमुन्यांसाठी कापडी पिशव्या आणायला गेवराईला गेलो. पाटी माझ्या डोक्यातही नव्हती.

दुपारी परत आलो तर बैठकीची खोली सारवून स्वच्छ. वर्तमानपत्रं घड्या घालून कोपऱ्यात. माती? नाही!

"आई! मपली माती कुठंय?"

"ही काय," आई देवघराकडं हात करून म्हणाली. पत्रावळीवर माती, मातीवर घट, घटावर नारळ, वर पहिली माळ. "सगळ्या रानात चिखल. गल्लीत कुणाकडं कोरडी माती न्हाई. बायका डोक्याला हात लावून बसल्या. मी म्हणलं, कावून रडता? आमच्या घरात खोलीभर पडलीय की! समद्यांना ताट-ताट दिली. लई आशीर्वाद दिले तुला."

"अगं, ती माझ्या परीक्षेची माती होती!"

"मला वाटलं तुझं बघून झालंय. आठ दिस तर बघत व्हतास."

"आणि चिठ्ठ्या?"

इथं आईचा चेहरा उजळला. "त्या कशा फेकीन? समद्या गोळा करून डब्यात ठिवल्यात. एकबी हरवली न्हाई."

मी डबा उघडला. खरंच, एकही चिठ्ठी हरवली नव्हती. फक्त कोणती चिठ्ठी कोणत्या मातीची, एवढंच आता कुणाला माहीत नव्हतं.

"निदान आपल्या घटातली चमचाभर..." मी हात पुढं केला.

"हात लावशील तर बघ!" आई ओरडली. "बसल्याले घट हालवीत न्हाईत. दसऱ्याला उठल्यावर ने समदी."

तोवर तीत पाणी, हळद, कुंकू, आणि गव्हाची मुळं! आमचे सर पदवी लांबवणार नाहीत, सरळ मला हाकलतील, अशी माझी खात्री झाली.

मग मी एक शास्त्रीय मार्ग काढला. रोज आरतीला घरोघरी जायचं आणि घटाखालची माती नुसती नजरेनं ओळखायची. रंग बघायचा, भेगा बघायच्या, जमलंच तर वास घ्यायचा. आता देवीपुढं वाकून माती हुंगणाऱ्या माणसाकडं लोक कसे बघतील? "केवढा भक्तिभाव!" असं बघतात. तिसऱ्या माळेपर्यंत गल्लीत माझं नाव झालं. एका आजीनं तर मला खण-नारळ देऊन नातसुनेसाठी नवस बोलायला लावला. ओळखलेली माती मात्र एकही नाही. भिजल्यावर सगळ्या मला सारख्याच काळ्या दिसायला लागल्या. (दोन वर्षं शिकून!)

चौथ्या माळेला सगळ्यांचे घट हिरवेगार उगवले. सगळ्यांचे म्हणजे मथुराकाकूंचा सोडून. मथुराकाकू म्हणजे नामदेवतात्यांची बायको. त्यांच्या मुलाची, भागवतची सोयरीक नुकतीच जमली होती आणि दसऱ्याला सुपारी फुटायची होती. पोरीकडचे लोक येणार, आल्या आल्या देवघरात पाया पडणार, आणि घट पाहणार. घट न उगवणं म्हणजे घराला अपशकुन. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

पाचव्या माळेला सकाळीच काकूंचा हंबरडा ऐकू आला. आम्ही धावत गेलो. घटाभोवती वाहिलेली पिवळी हळद चक्क लालभडक झाली होती!

"कुंकू म्या वाहिलंच न्हाई!" काकूंनी कपाळावर हात मारला. "हळदच लाल झाली. देवी कोपली बया! भागवतचं लगीन मोडतंय आता."

सगळ्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या. मी काय केलं? खोटं कशाला सांगू, मीपण हात जोडले. डोळेही मिटले. "आई, चुकलं-माकलं पदरात घे," असं म्हणालोसुद्धा. आणि डोळे मिटल्यावर मला देवी नाही, पहिल्या वर्षाची प्रयोगशाळा दिसली. विम्लधर्मी माती, खारा-सोड्यासारखी! तिच्यात हळद पडली की लाल होते!

"सापडली!" मी हसत एवढ्यानं ओरडलो की समईची ज्योत हलली. "चोपण माती सापडली!"

"माझं घर बुडायलंय अन तू हासायलास व्हय रे मुडद्या?" काकूंनी माझी भक्त म्हणून कमावलेली सगळी इज्जत एका वाक्यात काढली.

"काकू, देवी न्हाई कोपली. मातीच वाईट हाय. हिच्यात काही उगवत न्हाई."

चूक झाली. काकू वळून आईकडं बघायला लागल्या. "म्हंजी समद्या गल्लीला चांगली माती, अन माझ्या भागवतच्या टायमाला वाईट? असं का वैर धरलं व्हतं बाई तुमी?"

"आगं मथुरा, मला काय ठाऊक!" आई रडकुंडीला आली आणि माझ्याकडं वळली. "कुणाच्या वावरातून आणली व्हती ही? सांग की!"

आता चोपण माती मी एकाच ठिकाणाहून आणली होती. मी तात्यांकडं बघितलं. तात्या दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"चारीजवळची," मी म्हणालो. "तुमचीच, तात्या."

त्या तुकड्यात तात्या दरसाल बी टाकत, ते उगवत नसे, आणि तात्या दरसाल बियाणेवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्या सात पिढ्या काढत.

"म्हंजी त्या दुकानदाराचं बी..." तात्या हळूच म्हणाले.

"चांगलं व्हतं तात्या."

काकूंचं रडं थांबलं. त्या तात्यांकडं अशा बघायला लागल्या की देवीच्या कोपाचा विषय आपोआप मागं पडला. मला वाटलं, आता आपण विद्या दाखवायची वेळ आली. गेवराईहून जिप्समची पिशवी आणली. जमिनीला जिप्सम द्यायचं, वरून भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे क्षार धुऊन जातात. धुऊन कुठं जातात, हे पुस्तकात 'निचरा' या प्रकरणात असतं. देवघरात निचरा नव्हता. दुसरा तांब्या ओतला तसं पत्रावळीतून पाणी निघालं आणि नारळाच्या शेंड्यांसकट अखंड दिव्याकडं चाललं! काकू किंचाळल्या. तात्यांनी आपलं नवं उपरणं पाण्यात टाकलं. आईनं दोन्ही तळहात दिव्याभोवती धरले. ज्योत फडफडली, बारीक झाली, आणि राहिली.

"मास्तर," तात्या उपरणं पिळत म्हणाले, "आता तुमी बाजूला सरा."

मग मलाच लाज वाटली. घटातली माती काढायची नाही, पण वर घालायला कुणाची मनाई नव्हती. चार दिवसांच्या उन्हानं रानं वाळली होती, आणि लोकांनी खतासकट पेरणीही सुरू केली होती, म्हणजे नव्या नमुन्यांची आशा संपली. मी पाटी घेतली, ओढ्याकाठच्या आमच्या वावरात गेलो आणि काळी माती आणली. आईनं सांगितलेलं काम मी पाचव्या माळेला पूर्ण केलं. काकूंनी हात जोडून घटाभोवती तिचा जाड थर दिला, नवे गहू पेरले, आणि प्रत्येक आरतीला मी त्या मातीपुढं डोळे मिटून बसलो. या वेळी हुंगायला नाही. "उगव गं बाई," एवढंच म्हणत होतो.

आठव्या माळेला कोंब दिसले. दसऱ्याला ते बोटभर झाले होते, बाकीच्यांपेक्षा थोडे बुटके. पोरीच्या बापानं पाया पडून घट बघितला आणि म्हणाला, "छान उगवलाय की." काकूंनी पदरानं डोळे पुसले. सुपारी फुटली. मग रिवाजाप्रमाणे गल्लीतल्या सगळ्या गड्यांनी घटाचे तुरे टोपीत खोवले आणि माझं संशोधन वाजतगाजत सीमोल्लंघनाला निघालं. उरलेली माती, ती तर वावराचीच, म्हणून लोकांनी भक्तिभावानं ज्याच्या-त्याच्या वावरात परत टाकली. तोवर गावभर पेरणी होऊन खतही पडलं होतं.

मी सरांपुढं रिकाम्या हातानं उभा राहिलो.

"नमुने कुठायत?"

"सर, वावरात परत गेले."

"आणि निष्कर्ष?"

"लोकांनी टोपीत खोवले, सर."

सरांनी चष्मा काढला, मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले, आणि मग शांतपणे माझी पदवी पुढच्या हंगामावर ढकलली. तात्यांनी मात्र चारीजवळच्या वावरात जिप्सम टाकलं, चर खणून पाण्याला वाट दिली, आणि त्या दुकानदाराला भागवतच्या लग्नाची पत्रिका स्वतः नेऊन दिली.

पुढं मी रीतसर एम.एस्सी. झालो. त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आईचा फोन आला. वाटलं, अभिनंदन करतेय.

"येताना माती घेऊन ये," ती म्हणाली. "गल्लीतल्या बायका इचारायल्यात. अन चाळून आण. मथुरा म्हणती, तिच्या वावरातली सोडून कुणाचीबी चालंल."

आता मी मातीतला पदवीधर आहे, आणि माझ्या ज्ञानाला गावात मागणीही आहे. वर्षातून एकदा, पाटीभर, चाळलेली असेल तर.